वणवाआत्याचं बिऱ्हाड

होळी झाली की नाशिकमध्ये लोकांच्या गच्च्यांवर कुरडया वाळत पडायच्या. आमच्या गॅलरीत मात्र आत्याचं घर येऊन पडे. कळवणच्या एसटीच्या टपावरून आधी पत्र्याची पेटी उतरे, मग दोरीने बांधलेल्या बादल्या, पिंप, रबरी नळी, पितळी पातेलं आणि सगळ्यात शेवटी कंडक्टरशी भांडत आत्या. वडिलांची ही धाकटी बहीण डोंगराच्या पायथ्याशी कौलारू घरात एकटी राहायची. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागतो आणि एक दिवस तो खाली उतरणारच, या खात्रीवर तिचं वर्ष चाले. आम्ही तिला वणवाआत्या म्हणायचो, अर्थात ती समोर नसताना.

तिची तयारी माघातच सुरू होई. घराभोवतीचं गवत ती मुळासकट काढी, पाचोळा रोज झाडी, सरपण आणि पेंढा लांब नेऊन टाकी. अंगण इतकं बोडकं की कोंबड्यांनाही तिथे करमत नसे. "सुकं गवत म्हंजी आगीला हातरलेली सतरंजी," ती म्हणायची. शेजाऱ्याने गंजी भिंतीला टेकवून रचली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

इथवर तिचं बरोबरच होतं. पण शहाणपण एवढ्यावर थांबलं तर ती आमच्या घराण्यातली कसली? जे आधी जळेल ते आधी हलवायचं, हा तिचा नियम. प्लॅस्टिक आधी वितळतं, म्हणून बादल्या, पिंप आणि नळी पहिल्या खेपेलाच नाशकात. आग विझवायची साधनं आगीपासून वाचली पाहिजेत, यावर ती ठाम होती. मग सामान आमच्या गळ्यात घालून ती रिकामं घर राखायला परत जाई.

पावसाने डोंगर हिरवा झाला की ती सामान न्यायला यायची, आणि तपासणी व्हायची. पातेलं उजेडात फिरवून म्हणायची, "वहिनी, ह्यो पोचा आधी नव्हता."

"वन्सं, तो तुमच्या लग्नापासूनचा आहे," आई म्हणायची.

एकदा पडलेला पोचा दर वर्षी नव्याने भांडणाला पुरत असे. आत्या गेल्यावर आठवडाभर आई आमचीच भांडी आदळायची.

मग एका उन्हाळ्यात वणवा खरंच खाली उतरला. शेजारी धावत आले, "आक्का, बादल्या काढा लवकर." आत्या दारात तांब्या घेऊन उभी, आणि तिच्या बादल्या आमच्या गॅलरीत निवांत. लोकांनी कडुनिंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपली, आणि तिच्या बोडक्या अंगणाशी येऊन ती विझली. आत्याने श्रेय मात्र अंगणाला दिलं नाही, डहाळ्यांना तर नाहीच. "रिकामं घर बघितलं आन् गेली म्हागारी," ती सगळ्यांना सांगत सुटली.

सामान न्यायला आली तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, पुढच्या वर्षी निदान बादल्या तरी तिकडेच ठेवा."

आत्याचा चेहरा उतरला. "म्हंजी येऊ नको म्हना की. बिनकामाचं म्हायेरी कोन येऊ देतं, वहिनी?"

तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. सामान ठेवायला येणं आणि न्यायला येणं, एवढंच तिचं माहेरपण होतं. इतकी वर्षं आम्ही तिच्या बादल्यांना हसत होतो. पुढच्या होळीला सगळ्या बादल्या आल्या, शिवाय झाकणाची एक नवीही. आईने मुकाट्याने गॅलरीत जागा केली.

आत्या गेली ती चैत्रात, सगळं घर आमच्याकडे असताना. निरोप आला तेव्हा आईने पातेलं फडक्यात बांधून घेतलं. वडील चिडले, "मयताला कुणी भांडी नेतं का?"

"तिथे पाणी तापवायला काय आहे?" आई म्हणाली.

खरंच, त्या घरात एक तवा आणि तांब्या एवढंच होतं. तीन दगड मांडून आईने त्याच बोडक्या अंगणात पाणी तापवलं. बायकांनी आत्याला आंघोळ घातली तेव्हा मी आईच्या शेजारीच होते. पातेल्यातलं शेवटचं पाणी ओतून झालं, आणि आई आत्याच्या कानाशी वाकली.

"वन्सं," ती म्हणाली, "हा पोचा माझ्याच हातून पडला होता."