आयला शेक द्यायचा की नाही

डॉक्टरांनी निर्णय आमच्यावर सोडला, तिथेच माझं डोकं फिरलं. अहो, मी अंधेरीत कुरियरच्या ऑफिसात पावत्या फाडणारी बाई. मला काय कळतंय त्यातलं? आमच्या घरात डॉक्टरला विचारायचं असतं, डॉक्टरने आपल्याला विचारायचं नसतं.

आम्ही वेसाव्याचे कोळी. आमच्यात आईला आय म्हणतात. अंधेरीच्या बाजारात आयची जागा आहे, तिच्या सासूपासून चालत आलेली. विळीच्या पाटावर उजवा पाय दाबून बसायचं आणि सुरमई कापायची, हे तिने जन्मभर केलं. त्याच पायाच्या टाचेवर एक काळा डाग उठला. कधीतरी शिंगाळा माशाचा काटा रुतला असेल, त्याचं विष आत राहिलं असेल, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. कोळणीच्या पायाला काटा लागला यात नवल ते काय! हळद लावली, चुना लावला, आणि तोच पाय दाबून ती पुन्हा बाजारात बसली. डाग पसरला, चिघळला, रक्त येऊ लागलं, तेव्हा कुठे आम्ही तिला ओढत दवाखान्यात नेलं. तुकडा तपासला तर कातडीचा कॅन्सर. काट्याचा काही संबंधच नव्हता.

ऑपरेशन झालं. टाचेवरचा भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली. आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, म्हणून त्या गाठीही काढल्या. चला, सुटलो एकदाचे, असं वाटलं. कसले सुटतोय! मग आम्हाला किरणांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. किरणं म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे सगळे त्याला शेकच म्हणतात.

बाई तरुण होत्या, बोलायला शांत. म्हणाल्या, "जांघेत किरणं दिली तर तिथे आजार परत येण्याची शक्यता कमी होते."

"म्हणजे बरी होणार?" माझ्या भावाने विचारलं.

"तिथे परत येण्याची शक्यता कमी होते," त्या पुन्हा तेच म्हणाल्या. "फुप्फुसात किंवा आणखी कुठे जायचा असेल तर तो याने अडत नाही. आयुष्य वाढेल असं मी सांगणार नाही. आणि पाय सुजू शकतो. गाठी काढल्यामुळे सूज तशीही येते, किरणांनी जास्त येते. कधीकधी कायमची."

"मग द्यायचा की नाही?"

"दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. घरी बोला आणि मला सांगा."

दोन्ही बरोबर! भाजीवालासुद्धा सांगतो, ताई, ही मेथी घेऊ नका. मला बाईंचा इतका राग आला की नमस्कारही न करता मी बाहेर आले.

घरी आल्यावर तर नुसता गोंधळ. भाऊ म्हणाला, "आयुष्य वाढणार नसेल तर पाय कशाला घालवायचा? पाय सुजला तर विळी कशी धरणार ती?" मी म्हटलं, "मग काय हात बांधून बघत बसायचं? आहे तो उपाय करायचा नाही?" खूप भांडलो. सकाळी उठले तर मलाच वाटायला लागलं, भाऊ म्हणतो ते खरं आहे, नको छळायला म्हातारीला. तेवढ्यात त्याचा फोन. "तू म्हणतेस ते बरोबर आहे गं, देऊन टाकू." झालं! आम्ही परत भांडलो, फक्त बाजू बदलून.

त्यात मामा. मामा ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राच्या कँटीनमधून रिटायर झालेला. जन्मभर तिथे उसळ वाढली, पण कोळीवाड्यात तोच आमचा शास्त्रज्ञ. त्याने पंख्याकडे बघत निकाल दिला, "द्या नायतर नका देऊ. पण किरणं म्हणजे मजा नाय. अंगात बसतात. नंतर तिच्या हातचं काय खाऊ नका."

आय हे सगळं ऐकत जवळा निवडत बसली होती. "तुमचं भांडण झालं का मना सांगा," एवढंच म्हणाली. तिला काय वाटतं हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा मी बाईंना म्हणणार होते, तुम्हीच काय ते ठरवा आणि मोकळं करा आम्हाला. माझं तोंड उघडायच्या आधी आय बोलली.

"बाय, मी एक इचारू? परत तिथंच आला तर काय होईल?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, नका सांगू. पण त्यांनी खुर्ची आयकडे वळवली. "गाठ वाढेल. कातडी फोडून बाहेर येऊ शकते. मग जखम होते, पाणी येत राहतं, भरून येत नाही."

"वास?"

"येतो. ड्रेसिंगने कमी करता येतो, पण येतो."

आयने पदर नीट केला. "मग द्या शेक."

"आये!" मी जवळजवळ ओरडलेच. "पाय सुजला तर विळीवर बसता येणार नाही. आयुष्यही वाढणार नाही. ऐकलंस ना?"

"ऐकलं. बहिरी नाय मी. जन्मभर लोक मना बघून नाकाला रुमाल लावत आले गो. तो मासळीचा वास होता. त्याच्यावर तुम्ही जेवलात, शाळा शिकलात, मना कदी लाज नाय वाटली. पण सडल्याचा वास घेऊन मी घरात पडणार नाय. तू नाक दाबून मना पाणी पाजणार? सुजू दे पाय."

मला रडूच फुटलं. इतके दिवस आम्ही आयुष्य वाढणार की नाही यावर डोकं फोडत होतो, आणि तिला भलत्याच गोष्टीची भीती होती.

शेक सुरू झाला. जांघेत पेनाने रेघा मारल्या होत्या आणि कातडी नाजूक झाली होती, त्यामुळे काष्ट्याचं लुगडं बंद. आयने आयुष्यात पहिल्यांदा माझा गाऊन घातला आणि आरशात बघून म्हणाली, "शी! मेली कोण ही?" आम्ही दोघी हसलो. मग संडासात जाऊन मी एकटीच रडले.

सुरुवातीला ती थोडा वेळ बाजारात जाऊन बसायची. एक दिवस मी तिकडे गेले तर मासळी सगळी वहिनी उचलतेय, कापतेय, आणि आय हात मांडीखाली दाबून बसलीय. बोंबील हातात घेऊन कल्ले दाखवल्याशिवाय जिचा सौदा होत नाही, ती लांबून नुसती भाव सांगतेय. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाली, "दुखत नाय. पण मामा बोलला ना, किरणं अंगात बसतात. मासळीत गेली तर? गिऱ्हाईकांच्या घरात पोरं हायत. मी कदी नासकी मासळी इकली नाय."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं. त्यांनी आयचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "मशीन बंद झालं की संपलं. तुमच्या अंगात काही राहत नाही. खुशाल मासळी विका. आणि त्या मामांना माझ्याकडे पाठवा." मामाला सांगितलं तर तो रुसला. "तिला काय म्हायती? मी होतो तिथं!"

पुढे कातडी सोलवटली, काळी पडली, हळूहळू भरली. पाय मात्र सुजला. सकाळी जरा बरा, संध्याकाळी नुसता लाकडाचा ओंडका. घट्ट मोजा चढवायला दोघी लागायच्या. विळी वहिनीकडे गेली. आय स्टुलावर पाय वर करून बसायची आणि भाव करायची.

मग पुढच्या तपासणीत स्कॅन काढला. जांघ स्वच्छ. फुप्फुसात मात्र बारीक ठिपके.

मी कॉरिडॉरमध्येच सुरू झाले. कशाला घेतला तो शेक, पाय गेला, विळी गेली, आणि मिळालं काय? वाट लागली नुसती! लोक बघत होते. भाऊ म्हणत होता, हळू बोल, हळू बोल. आय बाकावर बसून माझं सगळं ऐकून घेत होती.

"जांघेत नाय ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बाईने सांगितलं तेच झालं. कोणी फसवलं नाय तुला. ओरडतंस कोणावर?"

मी कोणावर ओरडत होते ते मला अजून कळलेलं नाही. शेक घ्यायचं ठरवलं ते बरोबर झालं की चुकलं, तेही कळत नाही. कोणी विचारलं तर मी रोज वेगळं उत्तर देते.

रिक्षात मी तिच्या पायाला धक्का लागू नये म्हणून अगदी कडेला अंग चोरून बसले होते.

"लांब कशाला बसलीस?" ती म्हणाली. "नाक न दाबता बसवतंय ना तुला माझ्याजवळ? मग सरक."

मी सरकले.