हात पोचला पाह्यजे

दिग्रसच्या आमच्या इंजिन-मिस्त्रींचं तत्त्वज्ञान एकच: "हात पोचला पाह्यजे." दुकानात पाने-पकडी, चहाचा गिलास, रेडिओ, सगळं त्यांच्या बसल्या जागेवरून हाताला लागतं. गिऱ्हाईक दोन पावलं लांब उभं राहिलं, तर ते त्याच्याशी बोलतही नाहीत.

धरणावर आमच्या मच्छीमार संस्थेची डिझेल बोट आहे. मी तिथला कारकून. इंजिन थंड ठेवायला धरणाचं पाणी ओढणारा पंप इंजिनाच्या पार मागे दडलेला. वर्षातून एकदा त्यातलं रबर बदलायला अर्धी बोट खोलावी लागे. मिस्त्रींनी डोळे मिटून आत हात घातला आणि कोपर सोलवटून बाहेर काढला.

"बनवणाऱ्यानं याले कायले लपवलं?"

दोन दिवसांत नळ्या वाढवून त्यांनी पंप समोर आणला.

आता हात पोचू लागला, पण सगळ्यांचाच. अध्यक्ष पाहुण्यांना झाकण उघडून दाखवत. संचालक येता-जाता एखादा स्क्रू 'जरासा' पिळत. खोटं कशाला बोलू, मीही पिळला. महिन्याभरात पंप तीनदा बंद पडला.

मिस्त्री पुन्हा आले. पंपावर लोखंडी पेटी बसवली, कुलूप लावलं. मग डोळे मिटून इंजिनामागे हात घातला आणि कोपर पुन्हा सोलवटून बाहेर काढला.

"मिस्त्री, चावी?" मी विचारलं.

"पंपाच्या जुन्या जागेवर टांगली, बाबू. तिथं कोणाचा हात नाही पोचत."