न कापलेलं चीवर

माझी मावशी घाबरट आहे हे आमच्याकडे कुणी लपवत नाही, तीसुद्धा नाही. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की तिच्या छातीत धस्स होतं. काका एका सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेले, बॉयलर फुटला आणि डबा तेवढा परत आला. तेव्हापासून घरातली सगळी माणसं आत आल्याशिवाय ती दाराला कडी घालत नाही. सगळी म्हणजे उरला होता एकच, तिचा मुलगा. तो बोलत नाही म्हणून आम्ही त्याला घुम्या म्हणतो.

हा घुम्या रोज संध्याकाळी पुलापलीकडच्या विहारात जायचा. एकदा जेवताना त्याने तोंड उघडलं ते भिक्खू व्हायचंय म्हणायला. मावशी ‘बरं’ म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठली.

तिचं शिवणकामाचं दुकान आहे, म्हणून भिक्खूचं वस्त्र, म्हणजे चीवर, तिनेच शिवायचं ठरलं. कापड देताना विहारातल्या म्हाताऱ्या भंतेंनी तिला समजावलं होतं. बुद्धाच्या सुरुवातीच्या शिष्यांनी लोकांनी टाकलेल्या चिंध्या, प्रेतावरची वस्त्रं गोळा करून, धुऊन, जोडून अंगावर घेतली. पुढे लोक चांगली कापडं दान देऊ लागले, तेव्हा नियम झाला की ती आधी कापायची, मग बांध घातलेल्या शेतासारखी जोडायची. अख्ख्या वस्त्रावर मन बसतं, आणि मन बसलं की दुःख आलंच. हा धम्म व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर डोंगरांपलीकडे गेला, गलबतांतून बेटांवर गेला. जिथे ज्या झाडाची साल मिळाली तिचा रंग चीवराला लागला, थंडीत ते जाड झालं. कापणं मात्र राहिलं. अखंड कापडाचं चीवर आम्ही दीक्षेला चालवत नाही, असंही ते म्हणाले.

मावशीने नेमकं तेवढंच धरून ठेवलं. तिने कापड कापलंच नाही. जिथे जोड यायला हवा तिथे बारीक दुमड घेतली आणि वरून टीप मारली. लांबून पाहिलं तर तुकडेच वाटावेत. दुकानाचा पडदा ओढून तिने मला ते दाखवलं. ‘अगं, नको असेल तर नको म्हण ना सरळ,’ मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, नको म्हटलं तर तो राहील, पण माझ्याकडे बघायचा नाही. असं केलं तर त्यालाही कळणार नाही, आणि दीक्षा मुळात लागणारच नाही. पोरगा माझाच.

पण त्यानंतर तिची झोपच उडाली. भंते हात फिरवून बघतील का? खोट्या चीवराचं पाप पोराला लागलं तर? घुम्याने ते खांद्यावर टाकून पाहिलं आणि चक्क हसला, तेव्हा तिच्या हातातली टाचणी बोटात घुसली.

दीक्षेच्या सकाळी आम्ही विहारात बसलो. डोकं भादरलेला घुम्या ओळखू येईना. भंतेंनी चीवर खिडकीशी नेलं, एका जोडावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. मावशीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

भंते तिच्यासमोर येऊन बसले.

‘बाई, हे कापलेलं नाही.’

ते रागावले नाहीत. म्हणाले, सिद्धार्थ घरच्यांना न सांगता निघून गेला, पुढे त्याच्या पोरालाही दीक्षा दिली गेली. तेव्हा सिद्धार्थाच्या म्हाताऱ्या बापाने येऊन सांगितलं की हे दुःख कातडी फाडून हाडापर्यंत जातं. म्हणून तर आईबापाच्या होकाराशिवाय दीक्षा नाही. तुम्ही नको म्हणा, मी दीक्षा इथेच थांबवतो.

मावशी घुम्याकडे वळली. ‘मला भीती वाटते रे. तुला नाही वाटत?’

‘वाटते,’ तो म्हणाला. ‘बाबा गेल्यापासून मीही तुझ्यासोबत जिन्याचा कानोसा घेतोय. मला ते आणखी नाही जमत, आई.’

एवढं लांब वाक्य तो जन्मात बोलला नसेल. आपण भितो हे मावशीला ठाऊक होतं. पोरगा भितो हे तिला कधी कळलंच नव्हतं.

मग तिने कात्री मागितली. जमिनीवर कापड पसरून ती एकेक दुमड उसवू लागली आणि तिथेच कापू लागली. प्रत्येक वेळी कात्री लावताना डोळे मिटायची. विहारात मशीन कुठलं असणार? आम्ही दोघींनी हातानेच जोडलं. दीक्षेला दुपार झाली. अख्ख्या आयुष्यात तिने इतकी वाकडी शिवण घातली नव्हती, आणि आमचा घुम्या आज तेच पांघरून फिरतो.

परवा मी तिच्याकडे मुक्कामाला होते. भीती गेली का, असं विचारलं तर म्हणाली, कसली जातेय. जिन्यात पाऊल वाजलं तशी दचकलीही. मग उठली, दाराशी क्षणभर उभी राहिली, आणि मुलगा बाहेर असताना तिने कडी घातली.