बुधवारचं स्वच्छ ताट

शरदच्या लेकीचा, मुग्धाचा फोन सकाळी सव्वासहाला आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी असा माणूस आहे, की कारेलीबागेतल्या कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणली तरी परत आल्यावर पाऊण तास त्याचं वर्णन करतो, आणि वाटेत वाघ नाही तर निदान नीलगाय तरी आडवी येतेच. त्या सकाळी माझ्या तोंडून "बरं" एवढा एकच शब्द निघाला. फोन ठेवला. सुलभानं, माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण होतं?" तिला वाटलं, आता काहीतरी मोठं येणार, म्हणून ती गॅस बारीक करून ओट्याला टेकून उभी राहिली, हसायच्या तयारीत... चाळीस वर्षांच्या सवयीचा तो चेहरा मला अजून दिसतो.

शरद आणि मी भेटलो ते बडोद्याच्या लहरीपुऱ्यात, सेव-उसळीच्या दुकानात. बाकावर जागा एकच होती आणि आम्ही दोघं, म्हणून अर्धे अर्धे बसलो. मी खाऊन उठलो तर शेजारचा हा अनोळखी सडपातळ माणूस माझ्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणतो, "तो रस्सा कोण संपवणार?" मी म्हटलं, "तुम्ही कोण?" तर म्हणाला, "गणिताचा मास्तर." जणू तेवढ्यानं सगळा खुलासा झाला. मी परत बसलो आणि रस्सा संपवला. तो इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतल्या पाण्यानं लहरीपुऱ्याचा दरवाजा वर्षातून एकदा धुतात तसा धुऊन निघाला. हे मी पुढे शंभरदा सांगितलं आणि शंभरदा शरद म्हणाला, "दोन थेंब होते. मी मोजले."

मग दोघांची लग्नं झाली आणि दोनाचे चार झालो. चौघांनी आठवड्यातून एकदा बाहेर जेवायचं ठरलं, तर वार सापडेना. सोमवार शरदच्या बायकोचा, निर्मलावहिनींचा, मंगळवार सुलभाचा, गुरुवार शरदचा, शनिवार माझा, असे आमचे उपास. शुक्रवारी वहिनींचं भजन आणि रविवारी अख्खं बडोदं रस्त्यावर. उरला बुधवार. तेव्हापासून बुधवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही हरणी रोडवर जीवणभाईंकडे. सहा टेबलं, एक ट्यूबलाइट, भिंतीवर कुलदेवीचा फोटो आणि मागे चुलीवर बाजरीचे रोटले. जीवणभाई मूळ काठियावाडचे, वाढायला स्वतः येत. त्यांची लसणाची फोडणी अशी, की विमानतळावर उतरणारं विमान एकदा त्या वासानं परत वर गेलं आणि दोन घिरट्या घालून, वैमानिकाची शिंक थांबल्यावर उतरलं. मी हे स्वतः पाहिलं आहे, असं मी त्या टेबलावर आईची शपथ घेऊन सांगत असे. शरद मान खाली घालून रोटला मोडत राही आणि त्याचे खांदे हलत.

आमच्या टेबलाचा कायदा एकच, आणि तो अर्थातच शरदचा होता. ताटात काही टाकायचं नाही. जेवण झालं की तो आमची ताटं वह्या तपासाव्यात तशी तपासायचा. ज्याच्या ताटात काही उरेल त्यानं पुढचा अख्खा बुधवार तोंड उघडायचं नाही, फक्त दुसऱ्यांचं ऐकायचं. ही शिक्षा इतरांना काहीच वाटत नसे. मला मात्र ती फाशीसारखी, त्यामुळे मी तळलेल्या मिरचीचं देठसुद्धा खात असे. शरदचं स्वतःचं ताट तर असं, की धुवायलाच नको; जीवणभाई ते उचलताना म्हणत, "साहेबनी थाळी धोवी नथी पडती." होता होता ताट ही आमच्यात तब्येतीची खूण झाली. कुणी खोकलं, कुणाचं गुडघ्याचं सुरू झालं, की निर्मलावहिनी ताटाकडे बघून निकाल देत, "ताट स्वच्छ आहे ना? मग माणूस बरा आहे." नवऱ्याच्या बाबतीत तर त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. आम्ही तरी कुठे बघितलं...

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. जेवून बाहेर आलो, दोघी शेजारच्या दुकानात रांगोळीचे रंग बघत होत्या. शरद स्कूटरला टेकून उभा होता. म्हणाला, "घास उतरत नाही रे."

"पाणी पी."

"पाण्याचं नाही. महिना झाला. इथं अडकतो." त्यानं छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

"डॉक्टर?"

"माघात मुग्धाचं लग्न आहे. डॉक्टर काय बोलेल ते मला ठाऊक आहे, आणि निर्मलाला कळलं तर ती लग्न पुढे ढकलेल. लग्न होऊ दे, दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन जा."

मी काय म्हणायला हवं होतं ते आज मला शंभर पद्धतींनी सांगता येतं. तेव्हा मी म्हटलं, "पण बुधवारी ताट?" म्हणजे मित्र मरणाच्या दाराची गोष्ट करतोय आणि मला टेबलाच्या कायद्याची काळजी. त्यानंही त्या प्रश्नाचं गंभीरपणे उत्तर दिलं. त्यानं आधीच हिशेब मांडून ठेवला होता. "तू गोष्ट सांगतोस तेव्हा हे सगळे हसतात. जोरात हसताना माणसाचे डोळे मिटतात. तेवढा वेळ मला पुरतो. मी तुझ्या डावीकडे बसतो. तू फक्त हसव, आणि ताटात येईल ते खा."

तेव्हापासून मी दोन माणसांचं जेवलो. तोपर्यंत मी हौसेनं गोष्टी सांगायचो, आता कामावर असल्यासारखा सांगू लागलो. पहिल्या हशाला त्याचा अर्धा रोटला माझ्या ताटात, दुसऱ्याला त्याची सेव-टमाट्याची वाटी माझ्या वाटीत. हसू कमी पडलं की तो टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावायचा, म्हणजे आणखी वाढव. मी वाढवायचो. माझं वजन सात किलो वाढलं, यात मात्र अतिशयोक्ती नाही. "लग्न मुग्धाचं आणि बाळसं तुम्हाला," सुलभा म्हणाली, तर सगळे हसले आणि शरदनं तेवढ्यात भाताचा शेवटचा घासही माझ्याकडे सरकवला. त्याचा शर्ट खांद्यावरून उतरू लागला होता. लेकीच्या लग्नाची धावपळ, असं सगळे म्हणाले. ताट तर स्वच्छ होतं.

घरी हे चालण्यासारखं नव्हतं. घरी हसवायला मी नव्हतो. घरी तो ताकभाताचे दोन घास खायचा आणि "पोट भरलं" म्हणून उठायचा. एका बुधवारी निर्मलावहिनींनी त्याचं रिकामं ताट बघितलं आणि हसत हसत म्हणाल्या, "इथे कसं सगळं जातं हो यांच्या पोटात. घरी दोन घास. माझ्या हाताची चव गेली, दुसरं काय." मग जीवणभाईंना हाक मारून त्यांच्या ओळ्याचं, म्हणजे वांग्याच्या भरताचं, रहस्य विचारलं, "भाई, ओळामां शुं नाखो छो?" जीवणभाई म्हणाले, "कंई नहीं बेन, चूलो छे." त्या आठवड्यात वहिनींनी कुठूनशी शेगडी मिळवली, गॅलरीत कोळसे पेटवले, डोळे लाल होईपर्यंत धुरात बसून वांगी भाजली आणि जीवणभाईंसारखं भरीत केलं. शरदनं दोन घास घेतले. "छान झालंय," म्हणाला आणि उठला. हे त्यांनीच पुढच्या बुधवारी सांगितलं. या वेळी त्या हसत नव्हत्या. शरदनं माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी दोघांपैकी कुणीतरी बोलायला हवं होतं... टेबलाखाली त्याचा पाय माझ्या पायाला लागला. मी विमानाची गोष्ट काढली.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेलो, शब्द पाळला. तपासण्या झाल्या, अन्ननलिकेत जे निघायचं ते निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" निर्मलावहिनी पलीकडे उभ्या होत्या. शरद म्हणाला, "पंधरा दिवस." डॉक्टरांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. आयुष्यात मी हजारो थापा मारल्या असतील, पण ही एकच अशी की तिच्यात एक शब्दही नव्हता. त्यानंतर तो नऊ आठवडे होता. शेवटी नळीतून जेवण. बुधवारी मी जाऊन बसायचो. तो खुणेनं म्हणायचा, सांग. मला सुचत नसे.

दिवस झाले. पाहुणे पांगले. एका दुपारी त्यांच्या घरी वहिनी सुलभाशी बोलत होत्या, मी शेजारीच होतो. "गेल्याचं दुःख आहेच हो. पण शेवटचे सहा महिने यांना माझ्या हातचं नको झालं होतं, ते जात नाही मनातून. बाहेरचं गोड लागायचं. माझं टाकायचे." सुलभा चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी सगळं सांगितलं. दिवाळी, स्कूटर, डावीकडची खुर्ची, रोटला, वाटी, पंधरा दिवस. काही वाढवलं नाही. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. माझी तयारी होती, की त्या मला घराबाहेर काढतील. काढायलाच हवं होतं.

त्या म्हणाल्या, "छान जुळवलंत, भाऊजी."

"वहिनी, खरं आहे हे."

"माझ्यासाठी जुळवलंत, कळतंय मला. स्वतःवर घेतलंत, त्याबद्दल उपकारच आहेत. पण राहू द्या."

"आईची शपथ."

"विमानाच्या गोष्टीलाही घेतली होती तुम्ही."

सुलभा चहा घेऊन आली.

महिन्याभरानं वहिनींचाच फोन आला. "या बुधवारी जाऊ या. मुग्धाही आली आहे सुरतेहून." आम्ही गेलो. जीवणभाई पाणी ठेवून गेले. सुलभा आणि मुग्धा समोर बसल्या. वहिनी नेहमी तिकडेच बसत, पण त्या वळसा घालून आल्या आणि माझ्या डावीकडची खुर्ची ओढली. "यांची जागा हीच ना?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मी हो म्हटलं. रोटले आले, ओळो आला, कढी आली. वहिनींनी सगळं वाढून घेतलं, जरा जास्तच. मग ताटाकडेच बघत मला म्हणाल्या, "हं. हसवा आता."

मला ते जमेल असं वाटलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि हत्ती आला. माझे आजोबा संस्थानात कारकून होते, त्यांनी म्हणे हत्तीखान्यातल्या एका हत्तीला मराठी शिकवली. पुढे तो इतका शुद्ध झाला की माहुतानं गुजरातीत हाक मारली तर जागचा हलेना, आणि अखेर मिरवणूक खोळंबली तेव्हा आजोबांना सदऱ्यावरच बोलावून हत्तीची समजूत काढावी लागली. मुग्धा आधी नुसती रोटला मोडत होती. मग तिला ठसका लागला, मग ती हसली, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. सुलभानं डोळ्यांना पदर लावला. माझ्या ताटात अर्धा रोटला आला. मी वाढवत गेलो. टेबलाखाली माझ्या पायाला पाय लागला नाही, तरी मी वाढवत गेलो. वाटी रिकामी झाली, भात आला. मी खात होतो आणि सांगत होतो, आणि डावीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

जीवणभाई ताटं उचलायला आले. वहिनींचं ताट स्वच्छ होतं. त्यांनी एक घासही खाल्ला नव्हता.

सुलभानं टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या हातावर ठेवला. "बरं वाटलं हो वहिनी," ती म्हणाली. "आज नीट जेवलात."

"हो," वहिनी म्हणाल्या. त्या सुलभाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.