सात दिव्यांवरचा हात

त्या दुपारी रेडिओदुरुस्तीच्या दुकानात दिवेकाकांचा उजवा हात खिशातून बाहेर येईना. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने धरला, बिस्किटही डाव्याच हाताने बुडवले, आणि ते मऊ होऊन कपात पडले तरी उजवा हात काही मदतीला आला नाही.

"काका, हाताला काय झालं?" नर्सताईंनी विचारले.

"काही नाही. गारठलाय जरा."

"या उकाड्यात? अहो, रेडिओवाल्याचा पंखा नुसता आवाज करतो, वारा देत नाही. गारठले कशाने तुम्ही?"

गारठले होते ते भीतीने. पण ते सांगायचे कुणाला?

एकतीस वर्षे या माणसाने देवाघरचा उजेड सांभाळला. प्रार्थनागृहात साखळ्यांना टांगलेले सात तेलदिवे; त्यांची वात काकांची, तेल काकांचे, लखलखाट काकांचा. आठवड्यातून एकदा भर दुपारी ते सातही दिवे विझवायचे, पुसायचे, नवी वात घालून पुन्हा लावायचे. फुंकर मात्र कधी नाही. ज्या तोंडाने देवाचे नाव घ्यायचे, त्याच तोंडाने ज्योत मारायची नाही, असे त्यांना आधीच्या दिवेवाल्याने शिकवले होते. लांब दांड्याचे पितळी टोपण ज्योतीवर अलगद आणायचे. झोप अनावर झालेल्या लेकराच्या डोळ्यांवर आई तळवा धरते, तसे. आणि प्रत्येक ज्योतीला हळूच म्हणायचे, "विसावा घ्या, देवा."

काकांच्या हृदयात दुसरी एक ज्योत होती, आणि ती चाळीस वर्षांची. रॉक गाणारा एक गायक. तो आता सत्तरीला टेकला होता, आवाजाला चरे पडले होते, तरी भक्तांसाठी तो 'थोरले'च. दर आठवड्याला चौघे चाहते रेडिओदुरुस्तीच्या या दुकानात जमत आणि थोरल्यांची गाणी ऐकत. दुकानदार रेडिओवाला, नर्सताई, दिवेकाका आणि चौथे मास्तर. मास्तर निवृत्त गणितशिक्षक, आणि त्याच प्रार्थनागृहाचे सचिव. तिथली किल्ली कुणाच्या हाती राहील, हे ठरवणारे.

आज गाणी नव्हती, भांडण होते. थोरल्यांचा नवा व्हिडिओ आला होता. त्यात ते देवाकडे पाठ करून बसतात, "देवा, आता माझ्यापुरता अंधार कर" असे गातात, आणि एक हात एकेक करून सात दिवे विझवतो. शेवटी मिट्ट काळोख. जागा कुठली, ते कुठेच कळत नाही. बस्स, तेवढेच. पण तेवढ्यावर गावोगाव माणसे खवळली होती. रेडिओवाल्याच्या दारावरचे थोरल्यांचे चित्र सकाळीच कुणीतरी फाडून नेले होते.

"चाळीस वर्षं डोक्यावर घेतलं या माणसाला," मास्तर कडाडले, "आणि त्याने देवाचे दिवे विझवले! लाज वाटते मला."

"मास्तर, ते रडतायत त्यात. डोळे बघा की!" नर्सताई म्हणाल्या. "मी रोज मरणाऱ्यांजवळ बसते. दमलेला माणूस असाच बोलतो देवाशी. हा अपमान नाही, विनवणी आहे."

"विनवणी पाठ फिरवून करतात?"

"रुसलेलं पोर काय तोंड करून बसतं आईकडे?"

"झालं! आता सत्तर वर्षांचं पोर!" रेडिओवाला हसला. "थांबा, पुन्हा लावतो. बघूनच भांडा."

पडद्यावर हात आला. पहिला दिवा. दुसरा. तिसऱ्याशी नर्सताई पुढे सरकल्या. "थांबव. थांबव तिथेच. मोठं कर."

रेडिओवाल्याने चित्र मोठे केले. काकांनी खिशातला हात आणखी खोल खुपसला.

"हा थोरल्यांचा हात नाहीच," नर्सताई म्हणाल्या. "त्यांच्या बोटांना तारांचे घट्टे आहेत. आणि हे बघा, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग. अर्ध्या चंद्रासारखा. हा दुसऱ्याच कुणाचा तरी हात."

"मग शोधा त्याला," मास्तर म्हणाले. "त्याने दिले असतील दिवे, त्यानेच दार उघडलं असेल. अशा माणसाला देवाच्या उंबऱ्यावरही उभं करू नये."

काकांना ती दुपार आठवली. दिवे पुसायचा दिवस. दारात टोपी घातलेला म्हातारा, सोबत कॅमेरावाला एक. चेहरा ओळखायच्या आधी काकांनी आवाज ओळखला, आणि कुणालाही न विचारता दार उघडले. थोरल्यांच्या हाताला कंप होता. टोपण ज्योतीवर ठरेना. "तुम्ही कराल?" त्यांनी विचारले. काकांनी केले. मग कॅमेरा बंद झाल्यावर थोरल्यांनी हट्टाने सातही दिवे स्वतः लावले, आणि त्यांचे थरथरते मनगट काकांनी धरून ठेवले. ते लावणे व्हिडिओत कुठेच नव्हते. उरले होते ते फक्त विझवणे.

आता गप्प राहिले तर काय बिघडणार होते? डाग खिशात, किल्ली कमरेला, दिवे जागच्या जागी. पण उद्या दुपारी याच हाताने टोपण धरायचे होते. लपवलेला हात देवापुढे कसा न्यायचा? माणसांची भीती होतीच. पण ही दुसरी भीती आत खोल उतरली आणि पहिलीला गिळून बसली.

काकांनी हात बाहेर काढला आणि टेबलावर, बशीशेजारी, उताणा ठेवला.

नर्सताईंनी पडद्याकडे पाहिले, मग टेबलाकडे, आणि तोंडावर पदर धरला.

"किल्ली," मास्तर म्हणाले.

काकांनी किल्ली दिली. एकतीस वर्षांत प्रथमच कंबर हलकी झाली.

"चला. काय केलंत ते दाखवा मला."

दोघे भर उन्हात प्रार्थनागृहात गेले. दार मास्तरांनी उघडले. काकांनी टोपण उचलले, पहिल्या ज्योतीवर आणले, आणि सवयीने ओठ हलले, "विसावा घ्या, देवा."

"हे काय म्हणालात?"

"नेहमीचंच, मास्तर. त्या दिवशीही म्हटलं होतं. गाण्यात ऐकू आलं नाही."

सात वेळा ते शब्द झाले. सातव्यानंतर अंधार. त्या अंधारात मास्तरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि त्या श्वासात क्षमा आहे की शिक्षा, हे काकांना कळेना.

"किल्ली माझ्याकडेच राहील," शेवटी आवाज आला. "उद्या प्रार्थनागृहातल्या सगळ्यांसमोर मी पाहिलं आणि ऐकलं तेवढं सांगेन. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पुढे ते ठरवतील."

"होय, मास्तर."

"आता लावा."

काकांनी काडी ओढली. पण हात असा थरथरत होता की वात सापडेना. एक काडी विझली, दुसरी विझली. तिसरी पेटली तेव्हा कुणीतरी त्यांचे मनगट धरले. घट्ट, गणिताच्या मास्तराने मुलाला पाटीवर हात धरून आकडा गिरवायला लावावा तसे.

पहिला दिवा लागला. मास्तरांच्या दुसऱ्या मुठीत किल्ली चमकली. ती मूठ काही उघडली नाही. पण मनगटावरची पकड सातव्या दिव्यापर्यंत सुटलीही नाही.