गिनीपिगचं लंघन

आमच्या घराण्यात पोट बिघडलं की औषधाआधी लंघन. दिवसभर काही खायचं नाही, फार तर कोमट पाणी घ्यायचं. पोटाला विश्रांती मिळाली की ते आपणहून ताळ्यावर येतं, ही माझ्या आईची शिकवण. मी ती आयुष्यभर पाळत आलो. निदान घरात कारल्याची भाजी असेल त्या दिवशी तरी नक्कीच. त्यामुळे मुलीच्या गिनीपिगनं एका सकाळी गवत अर्धवट टाकलं, काकडीकडे पाठ फिरवली आणि तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसला, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. म्हटलं, जनावराला कळतं. आणि त्याला मोह नको म्हणून उरलेलं गवतही मी काढून घेतलं.

नोकरीसाठी बंगळुरूला जाताना मुलगी त्याला आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर सोडून गेली होती. "तात्पुरता," असं म्हणाली होती. तिनं त्याला ठेवलेलं इंग्रजी नाव बायकोच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला 'स्वारी' म्हणायला लागली आणि तेच रूढ झालं. स्वारीचा एक गुण मात्र मला मनापासून आवडायचा. संध्याकाळी बायको मंडईतून आली आणि पिशवीची सळसळ झाली की हा पिंजऱ्यातून शिट्टी मारायचा. बारीक आणि लांबलचक. मी घरी आल्यावर अशी दखल आजवर कोणी घेतलेली नाही.

लंघनाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी वाजली, पण शिट्टी आली नाही. बायको पिंजऱ्याशी वाकली.

"अहो, याच्या लेंड्या दिसत नाहीत."

"खाल्लंच नाही तर येणार कुठून?"

"आणि गवत कुठंय?"

मी डॉक्टरांचा नंबर शोधायला उठलो.

पेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" एवढं सांगून फोन ठेवला. येरवड्याकडे एक डॉक्टरबाई असले छोटे प्राणी बघतात असं पुन्हा फोन लावल्यावर त्यांच्याच कंपाउंडरकडून कळलं. बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरून स्वारीला घेतलं आणि रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून खोक्याकडे पाहिलं.

"आत काय आहे, काका?"

"गिनीपिग. जेवत नाही."

"आमचा पण जेवत नाही. दहावीला आहे," तो म्हणाला, आणि त्यानं रिक्षा येरवड्याच्या रस्त्याला घातली.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी स्वारीचं पोट चाचपलं, तोंड उघडून आत उजेड टाकला आणि विचारलं, "खाणं कधीपासून बंद आहे?"

"कालपासून. म्हणजे थोडं त्यानं बंद केलं, थोडं मी."

"तुम्ही?"

"लंघन," मी म्हणालो. "पोटाला जरा विश्रांती."

त्यांनी हातमोजे काढले. "काका, यांच्या पोटाला विश्रांती चालत नाही. सतत आत काहीतरी जात राहावं लागतं, नाहीतर आतडंच थांबतं. आणि मग हे मरतात. लंघन कोणी सांगितलं?"

"आईनं."

"त्यांनी गिनीपिग पाळले होते?"

"नाही. आम्हाला पाळलं होतं."

त्या हसल्या नाहीत. त्याची एक दाढ वाढून जिभेला टोचत होती, म्हणून तो कमी खात होता. आणि ते कमीही मी बंद केलं होतं. दाढ त्यांनी घासून दिली. पुढचं काम आमचं. वाळल्या गवताची पूड पाण्यात कालवायची आणि सिरिंजनं गालातून भरवायची, दर दोन-तीन तासांनी, तो स्वतः खायला लागेपर्यंत.

"आणि नाही लागला तर?"

"लागायला हवा," त्या म्हणाल्या.

ते कालवण भिजवलेल्या मेंदीसारखं दिसतं आणि मेंदीसारखंच रंगतं. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेली स्वारी पहिला घास गालात धरून ठेवायची, मी खूश होऊन बोटं सैल केली की नेम धरून माझ्या शर्टावर सोडायची. सगळे शर्ट हिरवे झाले. दिवस कुठला, भरवण्याची पाळी कुठली, काही कळेनासं झालं. एकदा चहात साखर समजून गवताची पूड टाकली आणि अर्धा कप प्यायल्यावर शंका आली. बायको म्हणाली, "प्या, तुमचंही आतडं चालू राहील." आमचं बोलणंही आटलं होतं. ती विचारायची, "लेंड्या?" मी नाही म्हणून मान हलवायचो, की झाला संवाद.

मुलीला काही कळवलं नव्हतं. ती रोज स्वारीचा फोटो मागायची, म्हणून मोबाइलमधला कोथिंबीर खातानाचा एक जुना फोटो मी पाठवून दिला. लगेच तिचा फोन आला.

"बाबा, फोटोत मागे मखर आहे. गणपती जाऊन किती दिवस झाले?"

सगळं सांगितलं, लंघनासकट.

"मला ताप आला होता तेव्हाही तू हेच केलं होतंस," ती म्हणाली.

"पण बरी झालीस ना?"

"आई होती घरात." मग म्हणाली, "जगेल ना रे तो?"

मी हो म्हणालो. कशाच्या आधारावर, ते तिनं विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

त्यानंतर किती पाळ्या झाल्या कोण जाणे. एका संध्याकाळी स्वारीला भरवून पिंजऱ्यात सोडलं आणि सिरिंज धुवायला उठायचं म्हणून जरा भिंतीला टेकलो. डोळे उघडले तेव्हा बायको समोर कोथिंबीर निवडत बसली होती.

"शिट्टी मारली त्यानं," ती म्हणाली. "मी पिशवी ठेवली तेव्हा."

"मला नाही ऐकू आली."

"तुमच्या घोरण्यात कशी येणार? पहिल्यांदा मलाही तुमचीच वाटली."

मी सरपटत पिंजऱ्यापाशी गेलो. कोपऱ्यात चार-दोन लेंड्या पडल्या होत्या, लहान आणि वेड्यावाकड्या, पण होत्या. रिकामी पिशवी घेऊन मी कितीतरी वेळ ती वाजवत बसलो. तेवढ्यात बायकोनं मुलीला फोन लावला आणि मला म्हणाली, आता पिशवी वाजवायची बंद करा, काही ऐकू येत नाहीये. स्वारी माझ्याकडे पाठ करून कोथिंबिरीचा देठ चावत होती, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. पुन्हा शिट्टी काही स्वारीनं मारली नाही.