पादऱ्याची वहिनी

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायला बंदी घातली. झालं, काम माझ्या गळ्यात पडलं. सयाजीगंजातल्या ऑफिसातून घरी आले की चहा घ्यायचा आणि त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. ग्रंथालयातल्या गुजराती बाईंनी "बहु सरस छे", फार छान आहे, म्हणत एक हातात ठेवली. त्यांना स्वतःला मराठी वाचता येत नव्हतं, ते सोडा.

कादंबरी एका शांत गावाची. तिथल्या एका घरातली सून एके दिवशी दिसेनाशी होते आणि गाव काही विचारतच नाही. दळण, बाजार, देवदर्शन, सगळं सुरळीत. वाचताना मला कसंतरीच व्हायचं. सासूबाई एरवी पानापानाला टोकायच्या, त्या मात्र गप्प. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, "आता सासरा सांगेल, ती माहेरी गेलीय म्हणून."

पान उलटलं, तर खरंच तसं.

"आई, आधी वाचलीय की काय तुम्ही?"

"छे गं. आमच्याकडे झालंय हे. पादऱ्याला."

पादरा त्यांचं माहेर. तिथे थोरल्या भावाची पहिली बायको होती, हे मी तेव्हा प्रथमच ऐकलं. सासूबाई परकर नेसायच्या वयाच्या. शाळेतून आल्या तर वहिनी घरात नाही. माहेरी गेली, म्हणाले सगळे. पुढे दुसरी वहिनी आली.

"विचारायची सोयच नव्हती गं. पण आता मला कळायला हवं. बघू, हा काय सांगतो शेवटी."

हा म्हणजे लेखक. त्याने काय सांगावं? काही नाही! शेवटच्या पानावर गाव आपलं जेवूनखाऊन पान चघळत बसलेलं. मी चिडून पुस्तक मिटलं. एवढं जाडजूड लिहिलंस मेल्या, आणि पोरीचं काय झालं तेवढं सांगवेना?

सासूबाई उठल्या. घरात फोन नवाच आलेला, त्यांना लावता यायचा नाही. "दादाला लाव," म्हणाल्या. मला भीतीच वाटली, पण लावून दिला. मामांना, म्हणजे या दादांना, कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघं ओरडूनच बोलत. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"दादा, वहिनी कुठे गेली?"

"ही काय, आत आहे. देऊ?"

"ही नाही. पहिली. आपली पहिली वहिनी."

मग मामा म्हणाले, "कोण पहिली?" आणि फोन ठेवून दिला.

सासूबाईंनी रिसीव्हर तसाच कानाशी धरलेला.

"कोण काय, दादा," त्या बंद फोनात म्हणाल्या. "माझ्या वेण्या घालायची ती."